राइनोफायमा : एका त्वचाविकाराचा आणि त्याच्या कलंकाचा इतिहास

प्रस्तावना :
नाकाची त्वचा जाड होऊन नाक फुगीर, तांबूस व गाठाळ होणे या विकारास वैद्यकशास्त्रात 'राइनोफायमा' अशी संज्ञा आहे. 'नाक' व 'वाढ' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेली ही संज्ञा व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४५ मध्ये योजली. लोकव्यवहारात मात्र पाश्चात्त्य समाज त्यास दारुड्याचे नाक म्हणत राहिला. रोगाच्या नावात रुग्णाच्या चारित्र्याविषयीचा निवाडा कसा शिरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्र आणि छायाचित्र :
फ्लॉरेन्सचा चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो याने सुमारे १४९० मध्ये रंगविलेले वृद्ध व बालकाचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वृद्धाच्या नाकावरील गाठी चित्रकाराने लपविलेल्या नाहीत. आणि त्याच्या छातीवर हात ठेवून वर पाहणाऱ्या बालकाच्या नजरेत किळस नाही. त्यानंतर चार शतकांनी अमेरिकेतील बँकसम्राट जे. पी. मॉर्गन (१८३७-१९१३) यांना याच विकारामुळे छायाचित्र काढून घेणे नकोसे वाटे. अफाट संपत्तीही त्यांना लोकांच्या नजरेपासून वाचवू शकली नाही.

कारणमीमांसा :
हा विकार रोझेशिया या त्वचारोगाचे प्रगत रूप मानला जातो. त्यात तैलग्रंथींचा आकार वाढतो व तंतुमय ऊती साचतात. तो प्रामुख्याने प्रौढ व वृद्ध पुरुषांत आढळतो. मद्यामुळे रक्तवाहिन्या विस्फारून चेहरा लाल होतो, हे खरे. परंतु या वरवरच्या साम्यावरून समाजाने मद्यालाच कारण ठरविले. तसा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. कधीही मद्य न घेतलेल्या व्यक्तींनाही हा विकार होतो.

उपचार :
एकोणिसाव्या शतकापासून शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार राहिला आहे. पूर्वी केवळ सुरीने होणारे काम आता विद्युत उपकरणे व कार्बन डायऑक्साइड लेझर यांनीही केले जाते. वाढलेले थर तासून नाकास मूळ आकार देताना तैलग्रंथींचा खोलवरचा भाग राखला जातो, कारण त्यातूनच नवी त्वचा उगवते. ज्या ग्रंथींमुळे विकृती येते, त्याच जखम भरून काढतात. फार खोल तासल्यास व्रण राहतो. आरंभीच्या अवस्थेत आयसोट्रेटिनॉइन हे औषध काहींना उपयोगी पडते. त्वचा तंतुमय झाल्यावर मात्र त्याचा विशेष लाभ होत नाही. क्वचित या वाढीत त्वचेचा कर्करोगही दडलेला असतो. म्हणून शंकास्पद ऊतींची तपासणी आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
नाकाचा आकार सुधारणे शल्यचिकित्सकाच्या हाती आले. लोकांचा निवाडा बदलणे त्याच्या हाती नाही. व्यसनी ठरविले जाण्याच्या भीतीने रुग्ण दवाखान्याची पायरी टाळतो आणि औषधाने आटोक्यात येऊ शकणारी अवस्था निघून जाते. अशा रीतीने चुकीचे नाव उपचारातील अडथळा बनते. म्हणून वैद्यकाच्या इतिहासात औषधांबरोबर शब्दांचीही चिकित्सा व्हावयास हवी.