नामावळी, काच आणि राख : बिगिन हिल येथील स्मरण-प्रार्थनागृह

युद्धस्मारकाकडे संहिता म्हणून पाहू लागलो, की दोन प्रश्न टाळता येत नाहीत. या संहितेत कोणाची नोंद झाली, आणि झालेली नोंद कोणाच्या हाती टिकली? इंग्लंडमधील बिगिन हिल या जुन्या हवाईतळावरील सेंट जॉर्ज प्रार्थनागृहाच्या आधारे या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

लंडनच्या आग्नेयेस असलेला हा तळ १९१७ मध्ये सुरू झाला, तो जमीन आणि विमान यांच्यात बिनतारी संभाषण साधण्याच्या प्रयोगांसाठी. शत्रूच्या विमानांचा माग जमिनीवरून घेऊन आपल्या वैमानिकांना त्यांच्या दिशेने नेण्याची पद्धत १९३६ पासून येथेच चाचण्या घेऊन सिद्ध करण्यात आली. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये या पद्धतीचीच कसोटी लागली. म्हणजे आकाशातील वैमानिक आणि नियंत्रणकक्षातील आवाज ही एकाच कृतीची दोन टोके होती. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पहिले प्रार्थनागृह १९४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, तात्पुरत्या बराकींमध्ये उभे राहिले. १९४६ मध्ये ते आगीत जळाले. पुनर्बांधणीच्या आवाहनाला विन्स्टन चर्चिल यांनी पाठबळ दिले. १९४० मध्ये लढाऊ विमानदलाचे प्रमुख असलेले ह्यू डाउडिंग यांनी जुलै १९५१ मध्ये नव्या इमारतीची कोनशिला बसवली आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला तिचा समर्पणविधी झाला. वेदीमागील लाकडी पटलावर या तळाच्या क्षेत्रातून उड्डाण करताना मरण पावलेल्या साडेचारशेहून अधिक जणांची नावे आहेत. जुनी वास्तू राख झाली, तरी नामावळीचा संकल्प नव्या वास्तूत पुन्हा साकार झाला. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया परिचित आहे: मूळ प्रत नष्ट होते, पण पुन्हा लिहून काढणारा कोणीतरी असतो म्हणून संहिता उरते.

नामावळी हा वाङ्मयप्रकार मोठा काटकसरीचा आहे. ती व्यक्तीला विस्मरणातून वाचवते आणि त्याच क्षणी तिचे चरित्र काढून घेते. फ्रेंच वैमानिक रेने मूशोत यांचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. १५ मे १९४३ रोजी या क्षेत्राच्या खाती शत्रूचे हजारावे विमान पाडल्याची नोंद झाली. त्या श्रेयातील एक वाटेकरी मूशोत होते. त्याच वर्षी २७ ऑगस्टला ते उड्डाणावरून परतले नाहीत. त्यांची रोजनिशी १९४९ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरच्या पानांत सलग मोहिमांनी आलेला थकवा आहे. यादीच्या ओळीत त्या थकव्याला जागा नसते. पराक्रम आणि थकवा या दोहोंसह मूशोत समजून घ्यायचे, तर शिलालेख आणि रोजनिशी शेजारी ठेवून वाचावी लागतात.

याहून गंभीर प्रश्न यादीच्या निकषाचा आहे. ३० ऑगस्ट १९४० च्या बॉम्बहल्ल्यात याच तळावर ३९ माणसे मारली गेली. त्यांतील अनेकांनी एका आश्रयखंदकात आसरा घेतला होता. ती उडत नव्हती. हल्ल्यांच्या त्या दिवसांत महिला साहाय्यक हवाईदलातील जोन मॉर्टिमर, एल्स्पेथ हेंडरसन आणि हेलन टर्नर या तिघींनी आपली जागा सोडली नाही. त्याबद्दल त्यांना मिलिटरी मेडल मिळाले. वेदीमागील यादी मात्र उड्डाणाच्या निकषावर बेतलेली आहे. ज्या तळाचे वैशिष्ट्यच जमीन आणि आकाश यांचा संवाद हे होते, त्याच्या मुख्य स्मृतिलेखात संवादाचे एकच टोक ऐकू येते. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. १९४३ मध्ये रोज परत न येणारी विमाने मोजणाऱ्या माणसांनी पहिली यादी केली होती, आणि त्यांच्या शोकाची सीमा तीच यादीची सीमा ठरली.

प्रार्थनागृहातील रंगीत काचा पाहिल्या, की ही सीमा पुढे कशी सरकली ते दिसते. ह्यू ईस्टन यांच्या मूळ काचांमध्ये लढाऊ पथकांची मानचिन्हे आहेत. त्यानंतर काही दशकांनी बसवलेल्या काचांनी जमिनीवरील सेवांनाही मान दिला. परंतु वैमानिकाला नाव मिळाले, जमिनीवरील माणसाला चित्र. नाव एका व्यक्तीचे असते, चित्र एका कामाचे. दुरुस्ती झाली, पण दोन स्मरणांची भाषा एक झाली नाही.

उरतो राखणदारीचा प्रश्न. हवाईदलाने हा तळ १९९२ मध्ये सोडला. २०१४ मध्ये संरक्षण खात्याचा प्रार्थनागृहाच्या देखभालीतून अंग काढून घेण्याचा विचार उघड झाला, तेव्हा लोकांतून तीव्र विरोध उमटला. २०१५ च्या अर्थसंकल्पात दहा लाख पौंडांची तरतूद जाहीर झाली. पुढे वास्तूची जबाबदारी ब्रॉम्ली येथील स्थानिक प्रशासनाकडे आली आणि २०१९ मध्ये तिला लागून संग्रहालय खुले झाले. १९४६ मध्ये आगीने विचारलेला प्रश्न २०१४ मध्ये खर्चाच्या हिशेबाने पुन्हा विचारला, आणि दोन्ही वेळा उत्तर हयात असलेल्यांनाच द्यावे लागले. आता ते देणाऱ्यांमध्ये युद्ध प्रत्यक्ष पाहिलेले जवळपास कोणी नाही. म्हणून ही नामावळी पुढच्या पिढीकडे सोपवताना तिच्यासोबत तिचा निकषही सांगितला पाहिजे. कोणाची नावे येथे आहेत हे सांगताना ३० ऑगस्टच्या त्या ३९ जणांचा उल्लेख व्हावा, एवढे तरी वाचकाच्या हाती आहे.