शेल स्क्रिप्ट : आज्ञेचा पत्ता आणि रूटचा अधिकार

युनिक्स व लिनक्स प्रणालीत संगणकाला क्रमाने द्यावयाच्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. ही फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. भंडाऱ्यातील एखाद्या पतसंस्थेत रोज रात्री हिशेबाच्या फाइलींची प्रत काढण्याचे काम अशी स्क्रिप्ट बिनबोभाट करू शकते. मात्र ती बहुधा ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून चालवली जाते, आणि धोका तेथेच असतो.

स्क्रिप्टमध्ये नुसते ‘टार’ असे लिहिले, तर शेल ‘पाथ’ या चलात नोंदवलेली फोल्डरे क्रमाने धुंडाळते आणि त्या नावाचा जो प्रोग्रॅम प्रथम सापडेल तो चालवते. तो खरा की तोतया, हे ती पाहत नाही. पाथच्या आरंभी टिंब, म्हणजे ‘सध्याचे फोल्डर’, असेल तर तेथे कोणीही ठेवलेला ‘टार’ नावाचा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालेल. टिंब न लिहिताही ही चूक होते. पाथमधील नावे अपूर्णविरामाने विभागलेली असतात. दोन अपूर्णविराम लागोपाठ पडले, की मधली रिकामी जागा टिंबासारखीच मानली जाते.

यावर आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा, असे सांगितले जाते. ते योग्य, पण अपुरे आहे. टारला प्रत आकुंचित करावयास सांगितले, की तो स्वतः ‘जीझिप’ला बोलावतो, आणि त्याचा शोध पुन्हा पाथमधूनच घेतो! म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत पाथ नव्याने ठरवावा, व त्यात केवळ रूटच्या मालकीची, इतरांना लिहिता न येणारी फोल्डरे ठेवावीत. ‘क्रॉन’मधून चालणाऱ्या स्क्रिप्टला पाथ मुळातच तोकडा मिळतो, दिवसा हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री अडते ती बहुधा यामुळे. अशा वेळी आपल्या खात्यातील सबंध पाथ तिच्यात उतरवू नये.

खरे तर प्रत काढण्यास रूट लागतेच असे नाही. फाइली वाचू शकणारे स्वतंत्र खाते पुष्कळदा पुरते. रूट अटळच असेल, तर १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात जन्मलेल्या ‘सुडो’द्वारे ठरावीक आज्ञेपुरती परवानगी देता येते. मात्र ज्या स्क्रिप्टला परवानगी दिली, ती कर्मचाऱ्याला बदलता येत असेल, तर त्याला संपूर्ण रूटच दिल्यासारखे होते. सुडोही निर्दोष नाही. २०११ पासून दडलेला, साध्या खात्यालाही रूट मिळवून देणारा त्यातील दोष जानेवारी २०२१ मध्ये उघड झाला, १.९.५पी२ या आवृत्तीत तो दुरुस्त करण्यात आला.