शालेय जिल्ह्याचा इंग्रजी भाषा अभ्यासक्रम, अमेरिका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शालेय शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असून त्याचा प्रत्यक्ष कारभार सुमारे १३,००० शालेय जिल्ह्यांकडे आहे. इयत्तावार अपेक्षित क्षमता राज्य ठरवते. त्या कोणत्या पुस्तकांतून व कोणत्या क्रमाने साधायच्या, हे बहुतेक ठिकाणी जिल्हा ठरवतो. २०१० साली जाहीर झालेली अशा क्षमतांची सामाईक ‘कॉमन कोअर’ मानके चाळीसहून अधिक राज्यांनी स्वीकारली. काहींनी पुढे ती बदलली.

जिल्ह्याची शिक्षक-समिती आधी वाचन, लेखन, संभाषण व भाषाज्ञान यांची घटकवार आखणी करते आणि मगच साहित्य निवडते. हा क्रम उलटला की पाठ्यपुस्तकच अभ्यासक्रम होऊन बसते. निवडीला अखेरची मंजुरी सहसा स्थानिक शिक्षण मंडळ देते.

सर्वांत कळीचा प्रश्न प्रारंभिक वाचनाचा आहे. राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालाने ध्वनिभान, अक्षर-ध्वनी संबंध, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती व आकलन या पाच अंगांवर भर दिला. तरीही अनेक जिल्ह्यांत चित्रावरून वा संदर्भावरून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवणारे साहित्य वर्षानुवर्षे चालू राहिले. त्याची झळ वाचनात अडखळणाऱ्या मुलांना सर्वाधिक बसली. ही पद्धत मागे टाकण्यासाठी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराने प्राथमिक शाळांसाठी तीनच वाचन-अभ्यासक्रम मान्य केले.