मांजरीच्या पिल्लाचे पाणी आणि मूत्रमार्गाचे आरोग्य

मांजर पाणी कमी पिते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. त्याचे कारण तिच्या वंशपरंपरेत सापडते. पाळीव मांजरीचे पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियाच्या शुष्क प्रदेशांतील रानमांजरे. उंदीर, पक्षी, सरडे हे त्यांचे भक्ष्य. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असल्याने पाण्याची बरीचशी गरज शिकारीतूनच भागत असे. शिवाय लघवी अतिशय दाट करून शरीरातील पाणी राखून ठेवण्याची क्षमता मूत्रपिंडांत आली. घरातील मांजरीने हा वारसा जसाच्या तसा घेतला आहे. मात्र तिचे अन्न बदलले आहे.

बाजारातील कोरड्या खाद्यात पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास, तर ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के असते. पिल्लाला दिवसाकाठी दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. वाढीच्या वयात व उन्हाळ्यात त्याहून काहीसे अधिक. एक किलो वजनाचे पिल्लू दिवसाला ५० ग्रॅम कोरडे खाद्य खात असेल, तर त्यातून त्याला जेमतेम ५ मिलिलिटर पाणी मिळते. तेवढेच पोषण देणारे ओले खाद्य सुमारे २०० ग्रॅम भरते आणि त्यातून १५० मिलिलिटर पाणी पोटात जाते. कोरडे खाणारी मांजरे पाणी अधिक पितात हे खरे; तरीही एकूण हिशेबात ती मागे राहतात.

पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि तिच्यातील क्षारांचे स्फटिक बनण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट हे मांजरांतील मुतखड्याचे दोन प्रमुख प्रकार होत. लहान पिल्लांत असे खडे क्वचितच आढळतात. तरीही काळजी लहानपणीच घ्यावयाची, कारण खाण्याच्या आवडीनिवडी पहिल्या काही महिन्यांत घडतात. केवळ कोरड्या दाण्यांवर वाढलेली मांजर पुढे आजारपणात ओल्या अन्नाला तोंडही लावत नाही, असा अनुभव अनेकदा येतो.

पहिले चार आठवडे आईचे दूध पुरेसे असते. अनाथ पिल्लाला मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारे तयार दूध द्यावे. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लू स्वतःहून लघवी करू शकत नाही. आई चाटून ती करवते. आई नसल्यास प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती जागा हलकेच पुसावी लागते. चौथ्या आठवड्यापासून मऊ, ओलसर अन्न आणि उथळ बशीत पाणी ठेवावे. गायीचे दूध हा पाण्याला पर्याय नव्हे. त्यातील लॅक्टोज अनेक मांजरांना पचत नाही आणि जुलाब होऊन शरीरातील पाणी उलट कमी होते.

पाणी पोटात जाण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग अन्नातूनच जातो. ओल्या खाद्यात एक-दोन चमचे कोमट पाणी मिसळावे. कोरडे खाद्य असेल तर ते भिजवावे. दमट हवेत असे अन्न लवकर आंबते, म्हणून उरलेले तासाभरात उचलावे. मासळी शिजवलेल्या घरी काटे काढलेल्या उकड्या माशाचे बिनमिठाचे पाणी अधूनमधून देता येते. हुमण वा आमटी मात्र देऊ नये. मीठ-मसाल्याखेरीज कांदा व लसूण मांजरीच्या रक्तातील लाल पेशी नष्ट करतात.

पाण्याची भांडी एकाहून अधिक असावीत व निरनिराळ्या खोल्यांत ठेवावीत. काचेची किंवा चिनी मातीची रुंद, उथळ, काठोकाठ भरलेली बशी बहुतेक मांजरांना सोयीची पडते. पाणी रोज बदलावे, भांडे घासावे आणि ते रेतीच्या ट्रेपासून दूर ठेवावे. काही पिल्लांना वाहते पाणी आवडते. त्यांच्यासाठी लहान कारंजे उपयोगी पडते. पिचकारीने बळेच पाणी पाजू नये. ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

ट्रेही स्वच्छ हवा आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक असावा. अस्वच्छ ट्रेमुळे मांजर लघवी रोखून धरते. रोज रेती उपसताना ओल्या ढेकळांची संख्या व आकार पाहिल्यास बदल वेळीच ध्यानात येतो.

वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथणे, थेंब थेंब लघवी होणे, तीत रक्त दिसणे, विव्हळणे, लघवीची जागा सतत चाटणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. नराची मूत्रनलिका लांब व अरुंद असल्याने ती तुंबण्याचा धोका त्याला अधिक. लघवी पूर्ण अडली तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो. कुंथणे हे बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसण्यात हाच मोलाचा वेळ जातो. पोट दाबून पाहू नये, माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरीला विषासमान आहे. कुंथूनही लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.