टायनी प्लॅनेट

टायनी प्लॅनेट : सभोवतीचा सगळा देखावा टिपणाऱ्या ३६०° छायाचित्रापासून केलेले वर्तुळाकार चित्र. त्यात पायाखालची जमीन मधोमध येते, क्षितिजाचे वर्तुळ होते आणि झाडे, घरे, माणसे त्या वर्तुळावर चहूकडे बाहेर डोकी करून उभी दिसतात.

भूमिती : मूळ छायाचित्र आडवे ३६० आणि उभे १८० अंशांचे, म्हणजे २:१ प्रमाणाचे असते. ते गोलावर बसवून माथ्यावरच्या बिंदूतून सपाट पृष्ठावर प्रक्षेपित करतात. हे स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण. ॲस्ट्रोलेब या खगोलयंत्राची तबकडी याच रीतीने आखली जाई; महेंद्रसूरींनी १३७० मध्ये त्यावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. या प्रक्षेपणात कोन बदलत नाहीत. त्यामुळे लहान वस्तूंचे आकार टिकतात, मोजमाप मात्र बदलते.

मुदखेडच्या शिवारात : नांदेड जिल्ह्यातील मुदखेड तालुका फुलशेतीसाठी ओळखला जातो. तिथल्या सपाट रानात, गुलाबाच्या दोन ओळींमध्ये कॅमेरा दीड मीटर उंचीवर उभा केला, तर क्षितिजवर्तुळाची त्रिज्या १ धरून हिशेब असा होतो : दीड मीटरवरची जमीन ०.४१ वर, पंधरा मीटरवरची ०.९० वर. त्यापलीकडचे सगळे रान, गाव आणि आदिलाबादचा फाटा जिथून फुटतो ते रेल्वे जंक्शन उरलेल्या दहाव्या हिश्श्यात मावते. कॅमेऱ्याखालची सरी केंद्रातून सरळ जाते. शेजारच्या सऱ्यांच्या कमानी होतात आणि सगळ्या क्षितिजावरच्या समोरासमोरच्या दोन बिंदूंत मिळतात. बांधावरच्या लिंबाचा शेंडा ३०° उंच दिसत असेल, तर तो १.७३ पर्यंत पोहोचतो. म्हणून जागा निवडताना दूरच्या देखाव्याआधी पायाखालचे पाहावे. ओली माती, ठिबकची नळी, गळलेल्या पाकळ्या हाच या चित्राचा गाभा.

कृती : कॅमेरा ट्रायपॉडवर लेन्सभोवती फिरवून, शेजारचे फोटो २५–३० टक्के एकमेकांवर येतील असे काढतात, एक्स्पोजर सर्व फोटोंना एकच ठेवतात. वाऱ्याने फांद्या हलल्या की जोड फसतात, म्हणून फुलतोडणीची शांत पहाट उत्तम. ट्रायपॉडचे पाय झाकण्यासाठी जमिनीचा फोटो वेगळा घेतात. ‘हगिन’ या मुक्त प्रणालीत फोटो जोडून स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण निवडतात आणि दृष्टी ९०° खाली वळवतात. ‘गिंप’ किंवा ‘फोटोशॉप’मध्ये छायाचित्र उलटे करून ‘पोलर कोऑर्डिनेट्स’ फिल्टर लावण्याची सोपी वाटही आहे. पण तीत कोन टिकत नाहीत आणि क्षितिजावरच्या वस्तू आडव्या ताणल्या जातात.

मर्यादा : माथ्यावरचा बिंदू अनंतावर जातो, म्हणून आकाश कुठेतरी कापावेच लागते. ते झाडाच्या शेंड्याबाहेर थोडी मोकळीक ठेवून कापावे.