प्रसूतीचा आलेख : वर्णन आणि नियम

वेणा सुरू झालेल्या स्त्रीची सुटका किती वेळात होईल, हा प्रश्न मानवजातीइतकाच जुना आहे. त्याच्या उत्तरावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असते. विलंब वेळीच न ओळखल्यास अडलेल्या बाळंतिणीचे गर्भाशय फाटण्याचे किंवा मूल दगावण्याचे भय असते. उलट, स्वाभाविक विलंबास विकृती मानल्यास अनावश्यक शस्त्रक्रिया ओढवते. या प्रश्नास गणिती रूप विसाव्या शतकाच्या मध्यास मिळाले.

न्यूयॉर्क येथील एमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ साली गर्भाशयमुखाचा विस्तार व गेलेला वेळ यांचा संबंध आलेखावर मांडला. पुढील वर्षी ५०० प्रथमप्रसवा स्त्रियांवरील त्यांचे विवेचन प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेल्या वक्ररेषेत आरंभीची संथ सुप्तावस्था व नंतरची वेगवान सक्रियावस्था स्पष्ट दिसत होत्या. सक्रियावस्थेचा सरासरी काळ ४.९ तास भरला आणि ताशी १.२ सेंटिमीटर ही वेगाची किमान मर्यादा ठरली. हे मूलतः एका रुग्णालयातील, एका काळातील स्त्रियांचे वर्णन होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसूतींत चिमट्याचा वापर झाला होता. तथापि पाठ्यपुस्तकांत शिरताच या वर्णनास नियमाची प्रतिष्ठा प्राप्त झाली.

या विचारास ऱ्होडेशियात वेगळे वळण लागले. तेथील सॉल्झबरी (आजचे हरारे) शहराच्या परिसरात अनेक प्रसूती सुइणी चालवीत असलेल्या केंद्रांत होत, आणि मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवावे हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. फिल्पॉट व कॅसल यांनी १९७२ साली आलेखावर ताशी एक सेंटिमीटर वेगाची इशारारेषा आखली आणि तिच्या उजवीस चार तासांच्या अंतरावर कृतिरेषा ठेवली. पहिली ओलांडली की स्त्रीस रुग्णालयाकडे न्यावे, दुसरी गाठली की उपचाराचा निर्णय घ्यावा, अशी ही योजना होती. मधले चार तास वाटचालीसाठी व विचारासाठी होते. म्हणजे प्रसूती केव्हा संपेल हे सांगण्यापेक्षा मदत केव्हा मागावी हे ठरविणे, हे या रेषांचे प्रयोजन होते.

त्या प्रयोजनाचा लाभ निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियातील ३५,४८४ स्त्रियांबाबत घेतलेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, आलेखाच्या वापरानंतर अठरा तासांहून लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले.

परंतु जेथे रुग्णालय व शस्त्रक्रियागृह एकाच छताखाली होते, तेथेही हीच गती सर्व स्त्रियांस लावली गेली. २०१० साली झांग व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९ रुग्णालयांतील ६२,४१५ प्रसूतींचा अभ्यास मांडला. बाळ-बाळंतीण सुखरूप असूनही चारपासून पाच सेंटिमीटरपर्यंतच्या विस्तारास सहा तासांहून अधिक काळ लागू शकतो, असे त्यात आढळले. पुढे २०१८ साली नायजेरिया व युगांडा येथील ५,६०६ स्त्रियांच्या अभ्यासानेही, पाच सेंटिमीटरपर्यंत ताशी एक सेंटिमीटरची अपेक्षा अवास्तव असल्याचे दाखविले. जी रेषा आफ्रिकेत जन्मली, तिचे सार्वत्रिकत्व आफ्रिकेतील स्त्रियांनीच खोटे ठरविले.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ताशी एक सेंटिमीटरची कसोटी नाकारून सक्रियावस्थेचा आरंभ पाच सेंटिमीटरपासून मानला. २०२० सालच्या तिच्या नव्या मार्गदर्शक तक्त्यात तिरकी रेषा उरली नाही. पाच सेंटिमीटरच्या टप्प्यावर सहा तास, तर नऊच्या टप्प्यावर दोन तास, अशा निरनिराळ्या कालमर्यादा तीत दिल्या आहेत. त्या ओलांडल्यास परिस्थितीचा पुनर्विचार अपेक्षित आहे. शस्त्रक्रियेचा तो आदेश नव्हे.

या इतिहासाचा निष्कर्ष आलेखाच्या विरोधी नाही. आलेखाने असंख्य सुइणींच्या निरीक्षणास शिस्त दिली व वेळेवर मदत मागण्यास आधार दिला. दोष उद्भवला तो समूहाच्या सरासरीवरून प्रत्येक स्त्रीचे घड्याळ लावले गेले तेव्हा. कोणतीही रेषा कोणत्या स्त्रियांवरून, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी आखली गेली, हे विसरले की वर्णनाचा हुकूम होतो. आणि त्याची किंमत प्रसववेदना सोसणाऱ्या स्त्रीस मोजावी लागते.