गप्प बसवलेली वॉर्निंग

"हे व्हेरिएबल बहुतेक किंमत न देताच वापरलं जातंय!" असं कंपायलर ओरडतो. आपण कोड तीनदा वाचतो आणि चूक काही सापडत नाही. सी लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. तर मंडळी, आज या खोट्या वॉर्निंगचा थोडा इतिहास.

समजा, कोड म्हणतो: पाऊस असेल तर छत्री घे. पन्नास ओळींनंतर: पाऊस असेल तर छत्री उघड. यात गैर काहीच नाही. पण जीसीसीला या दोन 'जर'चं नातं दर वेळी जुळवता येत नाही. तो विचारतो, छत्री घेतलीच नसेल तर?

लिनक्सच्या बी४३ या वायफाय ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच होतं. ब्रॉडकॉमकडून चिपची माहिती मिळत नव्हती. म्हणून एका गटाने जुना ड्रायव्हर उलगडून स्पेसिफिकेशन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने त्यावरून नवा ड्रायव्हर. त्यात एके ठिकाणी, चिप नवी असेल तर एक टेबल आणायचं आणि पुढच्या लूपमध्ये, चिप नवी असेल तर ते वाचायचं.

वॉर्निंगवर कर्नलमध्ये २००७ पासून एक मॅक्रो होता. तो फक्त 'क्ष = क्ष' एवढंच करायचा. किंमत काही मिळत नाही, पण कंपायलर गप्प! बी४३मध्येही तोच वापरला होता. धोका पुढे आहे. उद्या कुणी पहिला 'जर' बदलला, तर छत्री खरंच घरी राहील आणि सांगणारं कुणी नसेल. कर्नलमध्ये भलत्याच पत्त्यावरून वाचलं की अख्खं मशीन आडवं होऊ शकतं.

२०२० मध्ये कीस कुक यांनी हा मॅक्रो कर्नलमधून काढून टाकला. बी४३मध्ये त्यांनी पॉइंटरला सरळ 'नल' दिलं आणि वाचण्याआधी तपासणी घातली. गंमत म्हणजे, त्या ओळीपर्यंत प्रोग्राम तेव्हा पोचतच नव्हता!

त्याच वर्षी मे महिन्यात लायनस टॉरवाल्ड्सने उलटं पाऊल उचललं. जीसीसी १० आल्यावर खोट्या वॉर्निंगचा इतका पाऊस पडला की ही 'बहुतेक'वाली वॉर्निंग त्याने नेहमीच्या बिल्डमधून बंदच केली.

मला दोघांचंही पटतं. रोज खोटं ओरडणाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही, त्यात खरी वॉर्निंगही बुडते. पण निदान ती बंद केल्याचं उघड दिसतं. 'क्ष = क्ष' मात्र किंमत दिल्याचं नाटक करतं. त्यापेक्षा एक 'नल' आणि एक 'जर' लिहायला कितीसा वेळ लागतो?